राजा, मजूर आणि पायाच्या बोटावरचा फोड

जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने एक रेषा वर सरकवली आणि जगातले अत्यंत गरीब लोक बसल्या जागी साडेबारा कोटींनी वाढले. त्या दिवशी कुठे दुष्काळ पडला नव्हता की कारखाने बंद झाले नव्हते. आधी दिवसाला २.१५ डॉलरच्या आत भागवणाऱ्याला अत्यंत गरीब म्हणत, ती मर्यादा आता ३ डॉलर झाली. २०२२ सालासाठी आधी ७१ कोटींच्या घरात असलेला आकडा नव्या रेषेने ८४ कोटींच्या घरात गेला. याला कारणंही होती. निरनिराळ्या देशांतल्या किमतींची ताजी माहिती हाती आली होती आणि अनेक गरीब देशांनी गरिबीच्या आपापल्या रेषा वर नेल्या होत्या. तरी वाचणाऱ्याच्या मनात आलंच, की गरीब किती हे रेघ ओढणाऱ्याच्या हातात असतं की काय?

तीन वर्षांपूर्वीचे गरीब मोजताना एवढी ओढाताण होते, तर तीनशे वर्षांपूर्वीचे कसे मोजायचे? पण गप्पांमध्ये आपल्याला अशी अडचण कधीच येत नाही. एकजण ठणकावून सांगतो, "आजचा साधा माणूससुद्धा जुन्या राजांपेक्षा सुखात आहे." दुसरा तेवढ्याच जोरात म्हणतो, "पूर्वी पैसा नव्हता, पण लोक समाधानी होते." वाद रंगतो, निकाल लागत नाही. लागणार तरी कसा? दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. पहिला बोलतो शरीराबद्दल आणि वस्तूंबद्दल, दुसरा बोलतो चारचौघांतल्या जागेबद्दल. हे दोन प्रश्न आधी सुटे करायला हवेत. त्यांच्यामागे तिसराही एक प्रश्न दडलेला आहे, त्याकडे शेवटी येऊ.

जुन्या मजुरीचं आज काय करायचं?

रोमन सम्राट डायोक्लेशन महागाईने इतका वैतागला, की इसवी सन ३०१ मध्ये त्याने बाराशेहून जास्त वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर ठरवून दिले आणि ते दगडांवर कोरून ठिकठिकाणी लावले. त्या दगडांचे तुकडे आजही सापडतात. शेतमजुराला जेवणाव्यतिरिक्त दिवसाला २५ दिनार, सुताराला ५०, न्हाव्याला एका डोक्याचे २. आता २५ दिनार म्हणजे आजचे किती, हा प्रश्न निरर्थक आहे. त्या २५ दिनारात काय येत होतं, असं विचारलं तर मात्र उत्तर मिळतं, कारण गव्हापासून कापडापर्यंत सगळ्याचे भाव त्याच दगडांवर आहेत.

अर्थशास्त्रज्ञ हेच करतात. कुटुंबाला जेमतेम जगायला काय लागतं याची एक टोपली ते ठरवतात: इतकं धान्य, थोडं तेल, अंगावर घालायला कापड, दिव्याला इंधन. मग वर्षभराच्या मजुरीत अशा किती टोपल्या येतात ते मोजतात. याला 'वास्तव वेतन' म्हणतात, म्हणजे नाण्यांऐवजी मालात मोजलेली मजुरी. रॉबर्ट ॲलन या अर्थेतिहासकाराने हा हिशेब रोमपासून लंडनपर्यंत अनेक ठिकाणी केला. रोमन मजुराची मजुरी एका टोपलीच्या जराशीच वर भरली. म्हणजे जगणं होतं, पण आजारपणाला किंवा वाईट हंगामाला हाताशी काही उरत नव्हतं. त्यानंतर तब्बल चौदाशे वर्षांनी, अठराव्या शतकातही जगातल्या बहुतेक शहरांमध्ये साध्या मजुराची गत याच्या आसपासच होती. लंडन आणि ॲम्स्टरडॅमचे मजूर तेवढे त्याच्या बरेच पुढे गेले होते.

जागतिक बँकेचे ३ डॉलर म्हणजेही एक टोपलीच. ते बाजारातल्या विनिमय दराने मोजलेले डॉलर नाहीत. अमेरिकेत ३ डॉलरला जेवढा माल येतो, तेवढाच माल दुसऱ्या देशात घ्यायला किती पैसे लागतील, असा तो हिशेब असतो.

इथवर गाडी सुरळीत चालते. अडते कुठे? टोपलीत त्या काळी नसलेली वस्तू घालता येत नाही. अभ्यासक्रमच बदलला असेल तर बापाचे आणि लेकाचे गुण शेजारी ठेवून काय कळणार? दोघांना सामाईक असलेला एखादाच विषय घेऊन पाहावं लागतं. विल्यम नॉर्डहाउस यांनी असा एक विषय निवडला: उजेड. त्यांना पुढे २०१८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण मला त्यांचं हे उजेडाचं काम जास्त आवडतं. त्यांनी वस्तू सोडून दिली, मेणबत्ती काय आणि बल्ब काय, आणि तिच्यातून मिळणारा प्रकाश मोजला. साठ-सत्तर वॉटचा जुना पिवळा बल्ब तासभर लावला की जितका प्रकाश पडतो, साधारण तितका प्रकाश मिळवायला एका कामगाराला किती वेळ राबावं लागत होतं? पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनमध्ये तिळाच्या तेलाच्या दिव्यासाठी ४० तासांहून अधिक. १८०० च्या सुमारास चरबीच्या मेणबत्त्यांसाठी पाच तासांहून थोडा जास्त. १९९२ मध्ये अर्धा सेकंदसुद्धा नाही.

पाच तासांची मजुरी जाळून तासाभराचा उजेड! मग माणसं अंधार पडला की झोपत होती यात नवल काय? ती जुनी निरोगी सवय होती, असं आपण कौतुकाने म्हणतो. बऱ्याच अंशी ती दिवा न परवडल्याची सवय होती. नॉर्डहाउस यांचा मुद्दा असा, की महागाईच्या नेहमीच्या हिशेबातून ही सुधारणा बहुतांशी निसटून जाते. तो हिशेब बल्बची किंमत धरतो, उजेडाची धरत नाही.

पैसा होता, औषध नव्हतं

१८३६ च्या जूनमध्ये नेथन रॉथशील्ड मुलाच्या लग्नासाठी लंडनहून फ्रँकफर्टला गेला. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत त्याची गणना होती. सरकारं त्याच्याकडून कर्ज घेत. अंगावर एक गळू झालं होतं, ते चिघळलं. डॉक्टरांनी कापलं, पू काढला, पण विष अंगात भिनत गेलं. २८ जुलैला तो मेला, वयाच्या ५८ व्या वर्षी. आज हेच गळू घेऊन कुणी साध्या दवाखान्यात गेला तर प्रतिजैविकाच्या आठवड्याभराच्या गोळ्यांत बरा होऊन कामावर जाईल.

याहून बोलकी गोष्ट जवळपास नव्वद वर्षांनंतरची आहे. ३० जून १९२४. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचा सोळा वर्षांचा धाकटा मुलगा व्हाइट हाउसच्या मैदानावर टेनिस खेळला. मोजे न घालता नुसते बूट चढवले होते, बोटावर फोड आला. सोळा वर्षांच्या मुलाने असल्या फोडाकडे लक्ष द्यावं तरी का? दोन दिवसांत ताप चढला, रक्तात जंतू पसरले. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर उशाशी होते. ७ जुलैला मुलगा गेला.

बारा वर्षांनी, १९३६ च्या अखेरीस, दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा असाच मरणाच्या दारात होता. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मुलाच्या घशातला संसर्ग हाताबाहेर गेला होता. पण दरम्यान १९३५ मध्ये जर्मनीतून सल्फा जातीचं पहिलं औषध बाजारात आलं होतं. बोस्टनच्या डॉक्टरांनी ते दिलं आणि मुलगा वाचला. दोघांचेही बाप राष्ट्राध्यक्ष, सत्ता तीच, डॉक्टरही तसेच नामांकित. फरक पडला तो तारखेचा.

राण्यांची कथा याहून वाईट. ब्रिटनची राणी ॲन किमान सतरा वेळा गरोदर राहिली. एकच मुलगा बालपण थोडंफार जगला, तोही अकराव्या वर्षी गेला. मुमताज महल १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली. चौदांपैकी सात मुलं मोठी झाली, म्हणजे निम्मी. त्या काळात राजवाड्याबाहेरही प्रमाण साधारण हेच होतं: जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी मोठी होण्याआधीच जात. आज जगभराची सरासरी धरली तर पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं शंभरात चारसुद्धा नाहीत.

शरीरापुरतं बोलायचं, तर आजच्या साध्या माणसाची बाजू उघडच वरचढ आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची दाढ १६८५ मध्ये काढताना वैद्यांनी टाळूचा तुकडाही उपटला. नंतर पाणी प्यायलं की ते नाकातून बाहेर यायचं. पुढच्याच वर्षी त्याच्या भगंदरावर शस्त्रक्रिया झाली, अर्थात भूल न देता, कारण इथरची भूल यायला अजून १६० वर्षं होती. दाढदुखीच्या रात्री मी तरी कुठल्याही सम्राटाशी जागा बदलणार नाही.

मग राजा असून मिळत काय होतं?

माणसं. राजाची श्रीमंती म्हणजे दुसऱ्यांचे हात. ब्रँको मिलानोविच या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या-नव्या धनाढ्यांना एकाच पट्टीने मोजण्याची छान युक्ती काढली. एखाद्याच्या संपत्तीवर वर्षाला जे उत्पन्न येईल, त्यात त्याच्या काळातली सरासरी कमाई असलेली किती माणसं वर्षभर राबवता येतील? रोमन काळातल्या क्रॅससचं उत्तर येतं सुमारे ३२ हजार. १९३७ च्या रॉकफेलरचं सुमारे १ लाख १६ हजार. दोघांच्या मध्ये दोन हजार वर्षं, नाणी वेगळी, वस्तू वेगळ्या, तरी तुलना जमते, कारण मोजमाप माणसाच्या श्रमाचं आहे.

या पट्टीवर आजचा साधा माणूस एका माणसालाही धड राबवू शकत नाही. पण हातांनी काय होतं आणि काय होत नाही, तेही पाहायला हवं. १६९५ च्या हिवाळ्यात व्हर्सायच्या राजवाड्यात चौदाव्या लुईच्या भोजनाच्या टेबलावर पेल्यांतलं पाणी आणि वाइन गोठली, असं त्याच्या भावजयीने पत्रात लिहून ठेवलंय. हजारो नोकर दिमतीला होते, लाकूडफाट्याला तोटा नव्हता. पण त्या प्रचंड दालनांमध्ये शेकोटीची ऊब चार हातांपलीकडे पोचत नव्हती. आज घर उबदार ठेवणारं यंत्र परवडणाऱ्या लाखो कुटुंबांकडे एकही नोकर नसतो.

म्हणून 'सामान्य माणूस राजापेक्षा सुखात' हे वाक्य अर्धं खरं. ऊब, उजेड, औषध, प्रवास, दूरच्या माणसाशी बोलणं, जे जे यंत्र आणि ज्ञान करतं त्यात तो राजाच्या पुढे आहे. पण राजाला कुणी ताटकळत ठेवत नव्हतं. कुणासमोर कागद घेऊन हात जोडून उभं राहावं लागत नव्हतं, अंगावर कुणी खेकसत नव्हतं. आजच्या गरिबाला हे रोज होतं. त्याबाबतीत तो राजाच्या जवळपासही नाही, आणि कितीही बल्ब लावले तरी हा फरक भरून निघत नाही.

'तेव्हा निदान एवढी दरी तरी नव्हती'

हा आक्षेप हमखास येतो. खरंच, जुन्या समाजांचे आकडे काढले तर श्रीमंत-गरीब दरी पुष्कळदा आजच्याएवढीच किंवा कमी दिसते. पण त्यातली मेख बघा.

समजा, एका वस्तीत दहा माणसं आहेत आणि जिवंत राहायला प्रत्येकाला दिवसाला एक वाटा लागतो. वस्ती मिळून बारा वाटे पिकवते. त्यांच्यातला दांडगा माणूस जास्तीत जास्त किती ओढून घेईल? दोनच. त्याहून जास्त घेतले तर राबणारी माणसंच मरतील. त्याच्याकडे तीन वाटे, बाकीच्यांकडे एकेक. आता दुसरी वस्ती घ्या. माणसं दहाच, पण पिकतात शंभर वाटे. इथला दांडगा ४० वाटे बाजूला काढतो आणि उरलेले ६० सगळ्यांत सारखे वाटतो. त्याच्याकडे ४६, बाकीच्यांकडे सहा-सहा. दरी तिपटीवरून साडेसातपटीच्या वर गेली. पण गरीब पूर्वीच्या सहापट मिळवतोय. आणि पहिल्या दांडग्याने हडपण्याजोगं होतं ते सगळंच हडपलं, तर दुसऱ्याने हडपता आले असते अशा ९० पैकी ४०.

मिलानोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औद्योगिक क्रांतीआधीच्या अनेक समाजांचा असा हिशेब लावला. बहुतेक ठिकाणी वरचा वर्ग शक्य तेवढं जवळजवळ सगळंच ओरबाडत होता. दरी लहान दिसत होती, कारण ओरबाडायलाच फारसं नव्हतं. त्यात समतेचं काही नव्हतं.

आरोग्याच्या दरीचा प्रवास तर आणखी चमत्कारिक आहे. इंग्लंडच्या उमराव घराण्यांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी शतकानुशतकांच्या आहेत, सामान्यांच्या चर्चच्या वह्यांत सापडतात. त्या ताडून पाहिल्या तर साधारण १७५० पर्यंत उमराव सामान्यांपेक्षा जास्त जगत नव्हते. उत्तम खाणं, मोठी घरं, खास वैद्य, आणि आयुष्य तेवढंच! कधी कधी तर वैद्य हाच धोका असे. १७१२ मध्ये चौदाव्या लुईचा नातू, नातसून आणि पाच वर्षांचा पणतू काही आठवड्यांत गोवराने गेले. पणतूच्या अंगातून वैद्यांनी उपचार म्हणून रक्त काढलं होतं. त्याच्या दोन वर्षांच्या भावालाही गोवर होता, पण त्याला सांभाळणारी बाई हट्टाला पेटली आणि तिने वैद्यांना त्याच्याजवळ फिरकू दिलं नाही. तो वाचला आणि पुढे पंधरावा लुई झाला. गरिबाघरी वैद्य परवडतच नव्हता. या एका बाबतीत तो नशीबवान म्हणायचा.

१७५० नंतर चित्र पालटलं. देवी टोचून घेणं आलं, स्वच्छतेची समज आली, बाळंतपणाची जाण वाढली. हे सगळं आधी पोचलं ते पैसेवाल्यांकडे. उमरावांचं आयुष्य लांबत गेलं, सामान्यांचं रेंगाळलं. गिरण्यांच्या शहरांत तर ते आणखी बिघडलं. १८४२ मध्ये एडविन चॅडविक यांनी ब्रिटनमधल्या मृत्यूंच्या नोंदी गोळा केल्या. मँचेस्टरमध्ये मेलेल्या मजूरवर्गाचं सरासरी वय निघालं १७ वर्षं, प्रतिष्ठितांचं ३८. रटलंड या ग्रामीण भागात मजुरांचं ३८, प्रतिष्ठितांचं ५२. मँचेस्टरचा साहेब आणि रटलंडचा शेतमजूर, दोघांचा आकडा एकच! शहरातली घाण साहेबालाही सोडत नव्हती, मजुराला मात्र ती गिळतच होती.

गरिबांची उपासमार हाडांतही उतरली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या गरीब घरातला चौदा वर्षांचा मुलगा आणि सँडहर्स्टच्या लष्करी शाळेतला त्याच वयाचा उच्चवर्गीय मुलगा शेजारी उभे केले असते, तर दोघांच्या उंचीत सुमारे पंधरा सेंटिमीटरचं अंतर दिसलं असतं. मजुरीचे आकडे वादग्रस्त असू शकतात, उंचीची फूटपट्टी सहसा फसवत नाही.

'तेव्हा तिशीतच म्हातारपण यायचं ना?'

हा गैरसमज चटकन दूर करून टाकू. १९०० साली जगाचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं, आज ते ७३ च्या आसपास आहे. पण ३२ ही सरासरी आहे. एक मूल जन्मताच गेलं आणि दुसरं ६४ वर्षं जगलं तर सरासरी ३२ येते, बत्तीसाव्या वर्षी मात्र कुणीच मेलेलं नसतं. मँचेस्टरचे ते १७ सुद्धा असेच, त्यात लहान मुलांच्या मरणाचा भार फार मोठा आहे. बालपण पार केलेली माणसं साठी-सत्तरी गाठत होतीच. सुधारणेचा मोठा भाग पाळण्यात झाला. आईबापांच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते आकड्यातून कळत नाही. आपलं निदान एक मूल डोळ्यांदेखत जाणार, हे तेव्हा बहुतेकांनी गृहीतच धरलेलं असे.

'पण लोक समाधानी तरी होते'

होते की नव्हते, हे विचारायला आपण तिथे नव्हतो. पण वस्तू वाढल्या म्हणून समाधान त्याच मापाने वाढत नाही, हे मात्र खरं. रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्येच दाखवलं, की एकाच देशात श्रीमंत लोक गरिबांपेक्षा जास्त सुखी असल्याचं सांगतात, पण देश वर्षानुवर्षं श्रीमंत होत गेला तरी लोक सांगतात ते सुख तेवढं वाढत नाही. यावर वाद अजून चालू आहे. कारण मात्र ॲडम स्मिथने १७७६ मध्येच हेरून ठेवलं होतं. ग्रीक-रोमन लोकांकडे लिननचा सदरा नव्हता आणि त्यांचं काही अडलं नाही, असं तो म्हणतो. पण त्याच्या काळातल्या युरोपात अब्रूदार मजुराला तसा सदरा नसेल तर चारचौघांत जायची लाज वाटायची. म्हणजे सदरा थंडीवाऱ्यासाठी नव्हे, तर अब्रूसाठी गरजेचा झाला. गरज ही अशी काळाबरोबर सरकते.

म्हणून 'तुझ्या आजोबांकडे हे कुठे होतं?' या प्रश्नात फारसा दम नाही. आजोबांच्या काळात ते कुणाकडेच नव्हतं. सगळे पायी चालत असतात तेव्हा पायी चालण्यात कमीपणा नसतो. शाळेचा गृहपाठच फोनवर यायला लागला, की फोन नसलेलं मूल वर्गात असूनही वर्गाबाहेर पडतं.

आणि हा कमीपणा निव्वळ मनात राहत नाही, शरीरात उतरतो. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सुमारे १८ हजार सरकारी नोकरदार पुरुषांचा अभ्यास झाला. सगळ्यांना पक्की नोकरी, डोक्यावर छप्पर, मोफत औषधपाणी. यात उपाशी कुणीच नव्हतं. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला, आणि धूम्रपानासारख्या सवयी हिशेबात धरूनही फरक पूर्णपणे पुसला गेला नाही. खालच्या पायरीवर असणं हाच जणू एक आजार.

'हातात मोबाइल आहे, मग गरीब कसला?'

यंत्रांनी बनणाऱ्या वस्तू स्वस्त होत जातात: कपडे, दिवे, फोन. जमीन आणि दुसऱ्या माणसाचा वेळ मात्र तसा स्वस्त होत नाही. कामाच्या जवळचं घर, रोग वेळेत ओळखणारा डॉक्टर, मुलाकडे लक्ष देणारा शिक्षक, यांचं कारखान्यात उत्पादन होत नाही. पूर्वी गरीब-श्रीमंत दुरूनच कपड्यांवरून ओळखू यायचे. आता सदरा सारखा, फोन सारखा, आणि दरी घरात गेल्यावर नळापाशी दिसते.

जगात १८० कोटी लोकांच्या घरात किंवा आवारात पाण्याची सोय नाही, आणि अशा दहातल्या सात घरांत पाणी भरण्याचं काम बाया-मुलींकडे असतं. २०० कोटींहून जास्त लोकांचा स्वयंपाक लाकूड, शेण, कोळसा किंवा रॉकेलवर होतो. घरातल्या या धुराने २०२० मध्ये ३२ लाख जीव घेतले. २०२२ मध्ये ६८ कोटींहून अधिक लोकांकडे वीज नव्हती. उजेडाच्या हिशेबात ही माणसं अजून एकोणिसाव्या शतकात आहेत, मग त्यांच्या खिशात फोन असला तरी.

श्रीमंत देशांतही हे मिटलेलं नाही. अमेरिकेत सर्वांत वरच्या एक टक्का उत्पन्नातले पुरुष सर्वांत खालच्या एक टक्क्यातल्यांपेक्षा सुमारे साडेचौदा वर्षं जास्त जगतात, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. सतराव्या शतकातल्या उमरावाला आपल्या पैशाने एक वर्षही विकत घेता येत नव्हतं.

तिसरा प्रश्न

कुणाकडे काय आहे आणि शेजाऱ्याच्या तुलनेत किती आहे, हे दोन प्रश्न झाले. तिसरा असा: त्या काळात जेवढं शक्य होतं, त्यातलं किती कुणाच्या वाट्याला आलं? वर वाट्यांच्या उदाहरणात हडपण्याचं प्रमाण काढताना हाच प्रश्न आला होता. मला विचाराल तर वेगवेगळ्या काळांची तुलना करायला याच्याइतकी प्रामाणिक पट्टी दुसरी नाही. कूलिज यांच्या मुलाला मिळायला हवं होतं ते औषध जगातच नव्हतं. त्याच्या मरणात दुःख आहे, अन्याय नाही. २०२२ मध्ये पाच वर्षांखालची ४९ लाख मुलं गेली. १९९० मध्ये हा आकडा याच्या अडीचपट होता, म्हणजे प्रगती प्रचंड झाली. पण या ४९ लाखांतली बहुतेक मुलं ज्या कारणांनी गेली, त्यांवरचे उपाय माहीत आहेत, आणि ते फार महागही नाहीत.

जुलाबाचंच घ्या. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात कालवून पिंपांमध्ये भरला, आणि रुग्णांच्या आयाबहिणींना तो पेल्यापेल्याने पाजायला सांगितला. छावणीतला मृत्युदर ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आला. आतड्यात साखरेबरोबर मीठ आणि पाणी शोषलं जातं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

साखर, मीठ आणि पाणी व्हर्सायच्या मुदपाकखान्यात मुबलक होतं. प्रमाण कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून जुलाब झालेल्या राजपुत्राचंही रक्तच काढलं जाई. आज ते प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. तरी जगात जुलाब होणाऱ्या लहान मुलांपैकी निम्म्यांनाही ते पाकीट मिळत नाही, आणि पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुलं दर वर्षी जुलाबाने मरतात.